खाटेवरचा माणूस आणि त्याच्या वतीने बोलणारे



घाटंजीसारख्या गावात उभं राहून पन्नासएक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी दूरचित्रवाणी नाटकावर बोलायचं, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. नाटक इंग्लंडचं, त्यातलं इस्पितळ इंग्लंडचं, आणि ज्या वर्षी ते दाखवलं गेलं त्या वर्षी आपल्या या भागात कुणाच्या घरी टीव्ही असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आम्ही हा विषय घेतला. त्या नाटकाने विचारलेला प्रश्न आज घाटंजीत दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात विचारला जातो. ग्रामीण रुग्णालयातून यवतमाळला, यवतमाळहून सावंगीला, नाहीतर सेवाग्रामला, नाहीतर थेट नागपूरला. आणि मग एका रात्री आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" त्या क्षणी उत्तर कोण देतं? थोरला मुलगा? जावई? ज्याच्याकडे पैसे आहेत तो? की जो खाटेवर पडलाय तो? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे.

आधी इंग्लंडकडे जाऊ.

दुसरं महायुद्ध संपलं आणि 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दवाखान्यात जाताना खिसा चाचपायचा नाही, खर्च सरकारचा. त्यामुळे इस्पितळ ही सगळ्या समाजाची जागा झाली. गिरणीतला कामगार, शाळामास्तर आणि निवृत्त कर्नल, तिघं एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी. नाटककाराला याहून सोयीची जागा कुठली मिळणार? 1957 मध्ये आयटीव्हीवर 'इमर्जन्सी वॉर्ड टेन' ही मालिका सुरू झाली आणि ती 1967 पर्यंत चालली. 1969 मध्ये पीटर निकोल्स यांचं 'द नॅशनल हेल्थ' हे वॉर्डातलं नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणलं.

त्याच काळात तिथल्या टीव्हीवर एकेक स्वतंत्र नाटक दाखवण्याची मोठी परंपरा होती. मालिका नव्हे बरं का. एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारं नाटक. केन लोच यांनी दिग्दर्शित केलेलं 'कॅथी कम होम' 1966 मध्ये बीबीसीने दाखवलं आणि बेघर कुटुंबांचा प्रश्न घराघरात गेला. रात्रीचं जेवण उरकून माणसं टीव्हीपुढे बसत आणि दुसऱ्या दिवशी कामावर त्यावरून वाद घालत.

यात इस्पितळ टीव्हीला का मानवलं, हेही समजून घेऊ. ही नाटकं बहुतेक स्टुडिओत, दोन-चार कॅमेऱ्यांपुढे केली जात. मोठी दृश्यं, गर्दी, घोडे, पाऊस हे परवडत नसे. पण एक खाट, एक पडदा, सलाईनचा स्टँड आणि एक खिडकी एवढ्यात इस्पितळ उभं राहतं. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा धड दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा मात्र चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. आता अशी कल्पना करा की नाटकाचा नायकच असा आहे, ज्याचा फक्त चेहरा हलतो.

मार्च 1972 मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने दाखवलेलं ते नाटक हेच. नाव होतं 'हूज लाइफ इज इट एनीवे?' आपल्या भाषेत, हे आयुष्य नक्की कुणाचं? लेखक ब्रायन क्लार्क. नायकाच्या भूमिकेत इयन मॅकशेन.

गोष्ट साधी आहे. केन हॅरिसन हा शिल्पकार. मोटार अपघातात त्याच्या मानेखालचं सगळं शरीर कायमचं लुळं झालंय. ज्या हातांनी तो माती आणि दगड घडवायचा, ते हात आता त्याचे राहिलेले नाहीत. बुद्धी मात्र लखलखीत. विनोद करतो, नर्सेसची थट्टा करतो, डॉक्टरांना शब्दांत पकडतो. इस्पितळाच्या उपचारांवाचून तो फार दिवस जगू शकणार नाही. आणि तो शांतपणे म्हणतो, मला हे उपचार नकोत, मला इथून जाऊ द्या.

त्याच्यासमोर उभे आहेत डॉक्टर इमर्सन. हा माणूस खलनायक नाही, आणि नाटकाचा मोठेपणा इथे आहे. इमर्सन उत्तम डॉक्टर आहेत, रात्रंदिवस राबणारे. जीव वाचवायचा ही त्यांची निष्ठा आहे. नाटकात एक प्रसंग असा येतो की केन गुंगीचं इंजेक्शन नको म्हणतो, स्पष्ट शब्दांत नको म्हणतो, आणि इमर्सन ते तरीही टोचतात. त्याच्या भल्यासाठीच! पण तिथे प्रेक्षक दचकतो. घरात शिरलेल्या माणसाला आपण "बाहेर हो" म्हणू शकतो. आणि आपल्या शरीरात शिरणाऱ्या सुईला? केनला हात असते तर त्याने तो हात बाजूला केला असता. हात नाहीत म्हणून त्याच्या 'नाही'ची किंमत शून्य झाली का?

पुढे केन वकील नेमतो. वकील हेबियस कॉर्पसचा अर्ज करतो. हा शब्द आपल्याकडे आणीबाणीत माहीत झाला. मिसाखाली आत टाकलेल्या माणसांसाठी त्यांचे नातेवाईक कोर्टात हाच अर्ज करत होते. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा त्याचा अर्थ. वकिलाचं म्हणणं असं की, इस्पितळाने माझ्या अशिलाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवलंय. पण अशील कोर्टात जाणार कसा? म्हणून कोर्टच खाटेपाशी येतं. न्यायाधीश वॉर्डात खुर्ची टाकून बसतात, मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष होते. हा माणूस निराशेच्या आजारात बोलतोय, की पूर्ण शुद्धीत, विचार करून? एवढाच मुद्दा न्यायाधीश तपासतात. आणि शेवटी निकाल केनच्या बाजूने देतात.

महाभारत ऐकलेल्या माणसाला इथे भीष्म आठवतो. शरपंजरी पडलेला, देह संपलेला, पण वाणी शाबूत. उत्तरायणाची वाट पाहत युधिष्ठिराला राजधर्म सांगणारा. आपल्या भाषेत 'इच्छामरण' हा शब्द त्याच्यामुळेच रूढ झाला, आणि तो वर म्हणून रूढ झाला. केन हॅरिसन हा कोर्टात जाऊन तो वर हक्क म्हणून मागणारा भीष्म.

नाटक खूप चाललं. 1978 मध्ये लंडनच्या मरमेड थिएटरमध्ये ते रंगमंचावर आलं, टॉम कॉन्टी केन झाले. 1979 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं आणि कॉन्टींना त्यासाठी टोनी पुरस्कार मिळाला. 1980 मध्ये मेरी टायलर मूर यांनी तीच भूमिका केली, म्हणजे रुग्णाची बाई केली. 1981 मध्ये रिचर्ड ड्रेफस यांचा चित्रपट आला.

आता टीकेचीही बाजू सांगितली पाहिजे. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी अशा नाटकांवर मोठा आक्षेप घेतला, आणि तो आम्हाला विचार करायला लावतो. ते म्हणतात, लुळं शरीर म्हणजे जगायला नालायक आयुष्य, असं तुम्ही आधीच गृहीत धरलंत. केनला चाकाची खुर्ची, मदतनीस, घर, काम मिळालं असतं तर तो मरण मागत बसला असता का? समाजाने जगण्याची सोय करायची नाही आणि मरणाचा हक्क मात्र उदारपणे द्यायचा, हा कुठला न्याय? हा प्रश्न मनात ठेवा. आपल्या जिल्ह्यात तो फार वेगळ्या रूपात परत येणार आहे.

आता आपण मुंबईला येऊ.

ज्या 1972 मध्ये ते नाटक ब्रिटनमध्ये दिसलं, त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि पुढच्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1973 रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात ती घटना घडली, जिच्यामुळे या देशात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फरक एकच. इथली रुग्ण बोलू शकत नव्हती.

अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. केईएममध्ये परिचारिका. वय पंचविशीच्या आसपास, लग्न ठरलेलं. त्या संध्याकाळी ड्यूटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना रुग्णालयातल्याच एका कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने मेंदूला कायमची इजा झाली होती.

आरोपीवर खटला चालला तो चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. शिक्षा झाली सात वर्षांची, आणि ती भोगून तो सुटला. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला, कामाच्या जागी सुरक्षितता मागितली. ही मागणी आजही जुनी झालेली नाही, हे सांगायला नको.

अरुणा मात्र वॉर्ड नंबर 4-ए शेजारच्या एका खोलीत राहिल्या. किती दिवस? जवळजवळ 42 वर्षं. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांना भरवायचं, न्हाऊ घालायचं, कूस बदलायची, हे सगळं केईएमच्या परिचारिकांनी केलं. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीची सेवा केलीय त्यांना विचारा, दोन महिन्यांत पाठीला जखमा होतात. इथे एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिले नाहीत. ज्या मुली अरुणांना कधी भेटल्या नव्हत्या, ज्यांचा जन्मही 1973 नंतरचा, त्या नोकरीला लागल्या आणि आधीच्या सिस्टरकडून ही सेवा त्यांच्याकडे आली. 1980 च्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

आता दोन्ही खाटा शेजारी ठेवून बघा. केनच्या खाटेभोवती सगळे बोलतात आणि सगळ्यात जास्त केन बोलतो. नाटककाराने त्याला वाणी दिली, कारण वाणीशिवाय नाटक होत नाही. अरुणांच्या खाटेभोवतीही सगळे बोलतात, फक्त अरुणा बोलत नाहीत. त्यांचं हसणं, ओरडणं, मासे आवडणं याचा अर्थ लावावा लागतो. अर्थ लावणारा कोण, यावर सगळं ठरतं. मग 'हे आयुष्य कुणाचं' हा प्रश्न बदलतो आणि 'हिच्या वतीने बोलणार कोण' असा होतो.

मधल्या काळात महाराष्ट्रात या विषयावर बरंच काही घडत होतं. 1981 मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था काढली. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचं प्रकरण आलं. अपघातानंतर त्याचं मन बिघडलं होतं आणि त्याने पेटवून घ्यायचा प्रयत्न केला होता. त्याच्यावर कलम 309 लागलं, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. ब्रिटनने असा गुन्हा 1961 मध्येच रद्द केला होता; त्यांनी आपल्याला दिलेला कायदा मात्र आपल्याकडे चालूच होता. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने सावंतांसारखीच भूमिका घेतली. पण 1996 मध्ये ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायाधीशांनी ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच निकालात एक खिडकी उघडी राहिली. नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली असेल, तर तो मृत्यू सन्मानाने व्हावा हे जगण्याच्या हक्कात बसतं, अशी ती खिडकी.

कायद्याच्या या पोथ्यांपेक्षा आपल्या शेजारचं एक उदाहरण जास्त बोलकं आहे. पवनार. वर्धा जिल्हा म्हणजे आपलं शेजारघर. नोव्हेंबर 1982. विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. डॉक्टर होते, विनवण्या झाल्या, पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन भेटल्या. विनोबा बधले नाहीत. 15 नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. त्यांना कुणी वकील नेमायला सांगितलं नाही, मानसोपचारतज्ज्ञ बोलावले नाहीत. का? कारण ते विनोबा होते. त्यांचं आयुष्य त्यांच्या वतीने बोलत होतं. आणि आज सावंगीला ज्या मोठ्या रुग्णालयात आपण आपली माणसं घेऊन जातो, त्याला नाव विनोबांचंच आहे. त्या दारातून आत गेल्यावर तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसाच्या 'पुरे आता' या शब्दाला विनोबांच्या शब्दाइतकी किंमत मिळते का, हा विचार तुम्हीच करा.

परत अरुणांकडे. 1994-95 मध्ये दत्तकुमार देसाई यांनी 'कथा अरुणाची' हे मराठी नाटक लिहिलं. ते महाविद्यालयीन मुलांनी केलं, आणि 2002 मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. 1998 मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांचं अरुणांवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. क्लार्क यांनी नाटक आधी लिहिलं आणि कोर्ट नंतर आलं. आपल्याकडे आधी रुग्ण, मग नाटक, मग पुस्तक, मग कोर्ट असा क्रम लागला.

2009 मध्ये विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी अशी की, अरुणांना जबरदस्तीने भरवणं थांबवावं आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांनी केईएममध्ये जाऊन अरुणांना तपासलं, फीत काढली, आणि ती न्यायालयात दाखवली गेली. कॅमेरा पुन्हा एकदा खाटेजवळ आला, पण या वेळी समोरच्या चेहऱ्याला संवाद नव्हते.

7 मार्च 2011 रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली. पण फेटाळताना दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, जीव टिकवणारे उपचार थांबवण्याला काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, वाट मोकळी केली. इंजेक्शन देऊन मारणं मात्र गुन्हाच राहिलं. हा फरक करताना ब्रिटनमधल्या टोनी ब्लँड प्रकरणाचा, म्हणजे 1993 च्या निकालाचा मोठा आधार घेतला गेला. दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. जो स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कोर्टात उभा राहणाऱ्याला इंग्रजी कायद्यात 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणतात. न्यायालय म्हणालं, विराणींनी पुस्तक लिहिलं, कळकळ दाखवली, हे सगळं खरं. पण ज्यांनी सदतीस वर्षं रोज भरवलं आणि पुसलं, ते केईएमचे कर्मचारी हेच अरुणांचे नेक्स्ट फ्रेंड. आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत.

यात बरोबर कोण? आम्ही दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद ऐकले आहेत. विराणींचा मुद्दा हलका नाही. सेवा करणाऱ्याचं समाधान म्हणजे रुग्णाची इच्छा नव्हे. परिचारिकांचाही मुद्दा हलका नाही. आमच्यातली एक बाई कामाच्या जागी मोडली गेली, व्यवस्थेने तिला न्याय दिला नाही, आता निदान तिला टाकून तरी देणार नाही. त्यांच्यासाठी ती सेवा म्हणजे 1973 च्या संपाचाच पुढचा अध्याय होता. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. न्यायालयाने बोलण्याचा अधिकार दिला तो हाताला. रक्ताच्या नात्याला नाही, लेखणीलाही नाही. ज्याचे हात राबले, त्याचा शब्द. ब्रिटनमधल्या नाटकाला हे उत्तर सुचणंच शक्य नव्हतं, कारण तिथे केन स्वतः बोलत होता.

गंमत म्हणजे त्या नाटकाची गोष्ट पुढे ब्रिटनमध्ये खरीच घडली. 2002 मध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका महिलेने व्हेंटिलेटर बंद करण्याची मागणी केली. कोर्टाने तिचं नाव गुप्त ठेवलं, म्हणून ती 'मिस बी' या नावाने ओळखली जाते. न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस स्वतः रुग्णालयात गेल्या आणि खाटेपाशी बसून त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं. निकाल तिच्या बाजूने लागला. शुद्धीत असलेल्या माणसाच्या 'नाही'ला डावलून उपचार करणं बेकायदा ठरलं. क्लार्क यांचं नाटक टीव्हीवर आलं त्याला त्या महिन्यात बरोबर तीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की, मी बोलण्याच्या स्थितीत नसेन आणि बरा होण्याची आशा नसेल, तेव्हा माझ्यावर कोणते उपचार करू नयेत. याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, हे जिवंतपणी. 2018 ची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही केली की पुरतं. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावंही लिहिता येतात. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालयाचं डॉक्टरांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ तपासतं, आणि मगच उपचार थांबतात.

म्हणजे बघा, केन हॅरिसनने खाटेवरून जे सांगितलं, ते अरुणांना सांगता आलं नाही. या कागदामुळे तुम्ही ते धडधाकट असतानाच सांगून ठेवू शकता.

आता तो मघाचा प्रश्न. यवतमाळ जिल्ह्यात उभं राहून 'मरणाचा हक्क' हे शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या इतक्या पाहिल्या आहेत की, इथे त्या शब्दांचा भलता अर्थ लागू शकतो. म्हणून आम्ही अगदी स्वच्छ सांगतो. कर्ज, नापिकी, पडलेला भाव यांनी घेरलेला माणूस जेव्हा टोकाचं पाऊल उचलतो, तेव्हा तो हक्क बजावत नसतो. त्याच्यापुढचे जगण्याचे रस्ते दुसऱ्यांनी बंद केलेले असतात. अपंगांच्या चळवळीने केनच्या नाटकावर घेतलेला आक्षेप इथे तंतोतंत लागू पडतो. आधी जगण्याची सोय करा. अशा माणसाला कलमाची नव्हे, मदतीची गरज आहे, हे कायद्यालाही उशिरा का होईना कळलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसं गृहीत धरलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम 309 नाही. तुमच्या ओळखीत कुणी गप्प-गप्प राहत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला बोलतं करा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तो त्याला लावून द्या.

इच्छापत्राची गोष्ट वेगळी. तिथे मरण आधीच दाराशी आलेलं आहे. आपण फक्त एवढंच सांगतो की, ते येताना नळ्या किती लावायच्या.

आणि याची दुसरी बाजूही आपल्याच घरातली आहे. रुग्णालयात 'डामा' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेतो, अशी नातेवाइकांची सही. किती सह्या रुग्णाची इच्छा म्हणून होतात, आणि किती पैसे संपले म्हणून? ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्यावर उपचार थांबवायला घटनापीठ लागत नाही, रिकामा खिसा पुरतो. आणि ज्याच्याकडे आहेत, त्याच्या बाबतीत कधीकधी उलटं होतं. लोक काय म्हणतील म्हणून शेत विकून म्हाताऱ्याला पंधरा दिवस यंत्रावर ठेवतात, तो बिचारा महिनाभर आधीच सांगत असतो की, बापू, मला घरी ने. दोन्हीकडे खाटेवरच्या माणसाचं कुणी ऐकलेलं नसतं.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. नोटरीचा कागद करायचा तो करा. पण त्याच्या आधी घरात बोला. आपल्याकडे मरणाचं नाव काढलं की माय म्हणते, अशुभ बोलू नको. हे अशुभ नाही. आईला एकदा शांतपणे विचारा, माय, तुला काही झालं तर काय करू? कुठवर करू? आणि तुझ्या वतीने कुणी बोलायचं? तिने एखाद्या मुलाचं नाव घेतलं नाही, आणि रोज तिच्या पायाला तेल लावणाऱ्या सुनेचं घेतलं, तर मुलांनी रागावू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तेच केलं होतं.

आम्ही थांबतो. ज्यांच्या घरात आत्ता कुणी अंथरुणाला आहे, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.